शनिवारी न लिहिणारा स्काउट

सॅमसनकाका बेसबॉलच्या मॅचला सगळ्यांच्या आधी येत आणि मॅच मात्र बघत नसत. कुणीतरी बॉल कुंपणापलीकडे टोलवलेला असे, आई-बाप उभे राहून टाळ्या पिटत असत, आणि काका भलतीकडेच, ज्याच्या बॉलवर तो टोला बसला त्या पिचरच्या तोंडाकडे बघत बसलेले. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मला वाटलं, या माणसाला खेळातलं काही कळत नाही. मी पुण्याची. दुसऱ्याला काय कळत नाही ते मला फार लवकर कळतं.

आम्ही दोघं कॅनडातल्या केंब्रिजला गाड्यांच्या कारखान्यात रंगाच्या तपासणीवर होतो. रंगवलेली गाडी पट्ट्यावरून पुढे सरकत येते, डोक्यावर पांढऱ्या दिव्यांच्या रांगा, आणि आपण तिच्यात ओरखडा, फुगा, धुळीचा कण शोधायचा. मी डोळे फाडून शोधत असे. काका पातळ हातमोजा चढवलेला तळवा दारावरून एकदा फिरवत आणि म्हणत, "इथं." तिथं असायचंच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या छातीवरचं आडनाव वाचलं आणि मराठीत विचारलं, "काय बाय, भाकरी तांदळाची खातेस का ज्वारीची?" मी दचकले. त्यांच्या बॅजवर सॅमसन वाकरुळकर असं नाव होतं. त्यातलं वाकरुळकर मला कळलं होतं, सॅमसनचं कोडं सुटत नव्हतं. मग समजलं की ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ पेणकडचे, वाढले भायखळ्याला. मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलत, हे मी त्यांच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. बेसबॉलचं वेड त्यांना कसं लागलं हे त्यांनी मला तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगितलं, म्हणून ते इथे सांगत नाही.

शिफ्ट संपली की ते स्काउट. अमेरिकेतल्या एका मोठ्या व्यावसायिक संघासाठी आमच्या भागातल्या शाळकरी मुलांत उद्या चमकेल असा एखादा हुडकायचा आणि वरच्या साहेबाला कळवायचं. साहेब येऊन बघणार आणि त्याला पटलं, तर उन्हाळ्यातल्या निवडीत, ज्याला ड्राफ्ट म्हणतात त्यात, त्या मुलाचं नाव पुकारलं जाणार. बावीस वर्षं काका हे करत होते. बावीस वर्षांत त्यांनी हुडकलेल्या एकाही मुलाचं नाव पुकारलं गेलं नव्हतं. कारखान्यात टोरांटोची काही पोरं त्यावरून त्यांची चेष्टा करत. काका हसत, पण त्या दिवशी डबा अर्धाच खात.

मी त्यांच्याबरोबर जायला लागले ती शनिवारमुळे. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी रिबेकाकाकू शब्बाथचा दिवा लावत आणि तिथून शनिवार मावळेपर्यंत काम बंद. आणि चांगल्या मॅचेस नेमक्या शनिवारी! यावर काकांनी स्वतःचा तोडगा काढला होता. "बघणं हे काम नाही. लिहिणं काम. गाडी चालवणं काम. ते रडारचं बटण दाबणं पण काम." म्हणून शनिवारी वही माझ्याकडे, गाडी माझी, आणि रडार गन, म्हणजे बॉलचा वेग मोजायचं, ट्रॅफिक पोलिसांकडे असतं तसलं यंत्र, तेही माझ्याच हातात. मी म्हणे, "काका, तुमच्या देवाच्या हे लक्षात येत नसेल का?" ते म्हणत, "येतं. पण तो पण मॅच बघतो."

वहीत मी काय लिहायचं ते ते हळू आवाजात सांगत. त्यात कौतुकाचा शब्द नसे. 'चिडला, पण लवकर सावरला.' 'आईने पाणी दिलं, बघितलं पण नाही तिच्याकडे.' 'थकल्यावर खांदा पडतो.' टाळी कधी वाजवायची नाही, आणि कुठल्याही खेळाडूच्या आई-बापाची कॉफी प्यायची नाही. थंडीने दात वाजत असले तरी नाही. एप्रिलमध्ये आमच्याकडे मैदानाच्या कडेला बर्फाचे ढिगारे असतात, आई-बाप प्रेमाने गरम कप पुढे करतात, आणि काका आपले हात खिशात घालून "नो थँक यू, मॅम". त्यांच्याबरोबर मलाही गारठावं लागे.

त्यांचा आणखी एक हट्ट होता. नकार द्यायचा तो समोर जाऊन. त्यांची मुलगी विनिपेगला राहते, तिच्याकडे गेले असताना त्यांनी तिथला एक मुलगा बघितला होता. वर्षभराने त्यांची खात्री झाली की हा पुढे जाणार नाही. ती फोनवर सांगायची गोष्ट, पण हे पुन्हा विनिपेगला गेले तेव्हा गुडघाभर बर्फातून त्याच्या घरी गेले. मुलाने ऐकून घेतलं आणि दार तोंडावर आपटलं. काका पायरीवरच उभे. दहा मिनिटांनी त्याच्या आईने दार उघडलं आणि अजून इथेच कसे म्हणून विचारलं. काका म्हणाले, "त्याला काही विचारायचं असेल तर?" मुलगा आला, आणि तासभर विचारत बसला.

"फोनवर माणूस 'बघू' म्हणतो, बाय," ते मला म्हणाले. "आणि त्या 'बघू'वर पोरगं दोन वर्षं काढतं."

आता प्रशांत डोंगरे. प्रशांत नागपूरचा, वॉटर्लूला सॉफ्टवेअरमध्ये, मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळ्यात मोठा आवाज त्याचा. त्याचा मुलगा रोहन सतरा वर्षांचा, पिचर. काकांची ओळख मीच करून दिली. वशिलाच लावला म्हणा ना! आपलं पोरगं, आपलाच स्काउट, मला काय आनंद झाला होता.

नोव्हेंबरात एका शेडमध्ये काकांनी त्याला बघितलं. चाळीस बॉल टाकले असतील त्याने. परत येताना हायवे लागला. मग काका म्हणाले, "बाय, हा आहे." एवढंच. बावीस वर्षांत ते असं कुणाबद्दल म्हणाले नव्हते, हे मला रिबेकाकाकूंनी नंतर सांगितलं.

पण त्याआधी शेडच्या दारात एक गोष्ट झाली होती. प्रशांतने काकांना गाठलं.

"काका, किती पाहिजे ते सांगून द्या. एक आकडा सांगा फक्त."

"असं आकड्यावर नसतं रे."

"तरी पण. अंदाजे."

"हात तयार होऊ दे. वेळ आहे."

"काका, मी करून घेतो त्याच्याकडून. तुम्ही आकडा सांगा."

तिसऱ्यांदा विचारल्यावर काकांनी सांगितला. "आत्ता शहाऐंशी मैलाने टाकतो. मे महिन्यात नव्वद दिसले तर साहेबाला बोलावतो."

दहावीच्या वर्षी ज्याच्या घरातला टीव्ही बंद झाला होता, अशा बापाला नव्वद हा आकडा सांगू नये. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्याही घरात तो आकडा भिंतीवर होता.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी डोंगऱ्यांकडे गेले. वर आम्ही बायका तिळगूळ देत-घेत होतो, आणि खालून बेसमेंटमधून दर काही सेकंदांनी धप्प असा आवाज येत होता. शुभांगी, रोहनची आई, म्हणाली, "रोहन आहे. रोजचे शंभर असतात." मी खाली डोकावले. भिंतीला जुनी गादी टेकवलेली, पुढे जाळी, आणि वर कागदावर मोठ्ठं नव्वद. शेजारी तक्ता, तारखा आणि बरोबरच्या खुणा. नोव्हेंबरपासून एकही चौकोन रिकामा नव्हता. प्रशांत स्टूलवर बसून मोजत होता. मी काय म्हणाले असेन? "काय मेहनत घेतो हो पोरगा!" सोमवारी काकांना सांगितलं, रोहन खूप मेहनत करतोय. काका खूश झाले. शंभरचा आकडा मी सांगितला नाही, कारण तो सांगण्यासारखा आहे हेच मला ठाऊक नव्हतं. पिचरचा हात हिवाळ्यात झोपू द्यायचा असतो, हे मला मे महिन्यानंतर कळलं.

मे महिन्यातला तो शनिवार लख्ख आणि बोचरा होता. शुक्रवारी एका सराव सामन्यात रोहनने नव्वद गाठले होते, आणि साहेब, रे नावाचा उंच अमेरिकन, सीमेपलीकडून गाडी चालवत आला होता. त्याची कुणकुण लागून इतर संघांचे सहाजण आलेले. जाळीमागे सात माणसं, सात रडार गन. मी आठवी. काका नेहमीप्रमाणे बाजूला, पहिल्या बेसच्या कुंपणाशी, आणि मी त्यांच्याजवळ वही घेऊन. रिबेकाकाकूंनी त्यांच्या पैगंबराला, एलियाहू हन्नाबीला, मलिद्याचा नवस बोलला होता, या वर्षी तरी यांच्या पोराचं नाव पुकारलं जाऊ दे म्हणून. प्रशांत आमच्यापासून वीस पावलांवर कुंपणाची तार दोन्ही मुठींत धरून उभा होता.

रोहन माउंडवर, पिचरच्या उंचवट्यावर आला. पहिला बॉल, मी यंत्राकडे बघितलं. एक्याण्णव. जाळीमागे सात माना एकदम खाली गेल्या आणि सात पेनं चालली. दुसरा नव्वद. तिसरा एक्याण्णव. समोरचे तिघे आले तसे परत गेले. रेने लांबूनच काकांकडे बघून भुवया उंचावल्या. मी काकांकडे वळले, म्हटलं आज तरी हसतील.

काका हसत नव्हते. ते डगआउटकडे, पोरांच्या बाकड्याकडे बघत होते.

"बाय, त्याने बाटली कुठल्या हाताने घेतली?"

"डाव्या."

"तो उजवा आहे."

"मग काय झालं?"

"टोपण त्याने शेजारच्याला काढायला दिलं."

मला काही लिहायचं का कळेना. "लिहू?"

दुसरा डाव. पुन्हा एक्याण्णव. पण आता मीही बघायला लागले होते, आणि बघितल्यावर न दिसणं शक्य नव्हतं. प्रत्येक बॉलनंतर रोहन पाठ फिरवायचा, हात मांडीशी धरायचा आणि शेवटची दोन बोटं झटकायचा. करंगळी आणि तिच्या शेजारचं. झोपेतून उठल्यावर मुंग्या आलेला हात आपण झटकतो तसं. जाळीमागच्यांना त्याची पाठच दिसत होती. यंत्रावर तर सगळं झकास होतं.

"बोटं बधिर झालीत त्याची," काका म्हणाले. "कोपर गेलंय. नाही, जातंय." आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हा हिवाळाभर किती टाकत होता?"

"रोज शंभर."

काकांनी डोळे मिटले. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

स्काउट लोकांचा एक अलिखित कायदा आहे. मॅच चालू असताना खेळाडूशी, त्याच्या कोचशी बोलायचं नाही. तिकडे पायच टाकायचा नाही. काय दिसलं ते वहीत, आणि नंतर साहेबाच्या कानात. काका कुंपणाच्या तारेला धरून उभे होते. मी म्हटलं, "काका, हा डाव संपू दे. मग रेला बाजूला घेऊन सांगा. बाकीच्यांना कळायचं नाही." मी काही वाईट सुचवलं असं मला तेव्हा वाटलं नाही. आजही रात्री-बेरात्री नाही, दिवसाढवळ्या भाजी चिरताना ते माझं वाक्य मला आठवतं आणि लाज वाटते.

"रेला कळेल," काका म्हणाले. "पोरगं टाकतच राहील."

रोहनने पुढचा बॉल टाकला. ब्याण्णव. प्रशांत ओरडला, "शाब्बास, बेटा!" आणि काका चालायला लागले.

त्यांची चाल तशी सावकाश. कुंपणाचं दार उघडून ते मैदानाच्या कडेकडेने डगआउटकडे निघाले, तेव्हा आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग जाळीमागची सात तोंडं वळली. काकांनी कोचला दोन वाक्यं सांगितली आणि स्वतःच्या उजव्या कोपराला हात लावून दाखवला. तेवढं पुरे होतं. सातांपैकी चौघांनी रडार गन पिशवीत घातल्या. मी ते डोळ्यांनी बघितलं. झिपचा आवाजसुद्धा ऐकला.

कोचने खेळ थांबवला. रोहन येईना. "आय ॲम फाइन! आय ॲम फाइन!" कोचने त्याला काहीतरी विचारलं, त्याची करंगळी चिमटीत धरून दाबली, पुन्हा विचारलं. मग रोहनचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला.

प्रशांत धावत आला. "काका, काय करून राहिले तुम्ही? पागल झाले का? त्या सगळ्यांसमोर?"

"प्रशांत, त्याचा हात..."

"हात मी पाहून राहिलो ना रोज! थोडा दुखते, सगळ्यांचाच दुखते. आपला माणूस म्हणून तुमच्याकडे आणलं होतं पोराला. आपल्या माणसाने पाय ओढावा?"

काकांनी त्याला बोलू दिलं. तो दमल्यावर म्हणाले, "मी तुला आकडा सांगितला. नको होता सांगायला. ती चूक माझी आहे. हे मी तुला सगळ्यांसमोर सांगतो."

रोहन मागे येऊन उभा होता, हात पोटाशी धरून. त्याचं सगळं आयुष्य त्या दुपारी जाळीमागच्या माणसांनी पिशवीत भरून नेलं होतं. तो काकांना म्हणाला, "डोन्ट कम टू माय गेम्स. एव्हर." शांतपणे म्हणाला, म्हणून जास्त लागलं.

"ओके," काका म्हणाले.

रे गाडीपाशी थांबला होता. म्हणाला, सॅम, मला कानात सांगायचंस, एवढी वर्षं तू हे काम करतोयस. परत येताना गाडीत मीच रडत होते आणि ते मला सिग्नल दाखवत होते.

एमआरआय व्हायला पाच आठवडे गेले. कोपराचा सांधा धरून ठेवणारं लिगामेंट अर्धवट फाटलं होतं, पूर्ण तुटलं नव्हतं. ऑपरेशन नको, वर्षभर बॉलला हात लावायचा नाही. आणखी काही डाव टाकले असते तर काय झालं असतं, असं शुभांगीने डॉक्टरना विचारलं, तर ते म्हणाले सांगता येत नाही. म्हणजे काका बरोबर होते हेही कुणी छातीठोकपणे सांगू शकलं नाही. ड्राफ्टमध्ये रोहनचं नाव आलं नाही. रेचा फोन पुन्हा आला नाही, आणि काकांच्या स्काउटच्या ओळखपत्राची मुदत संपली ती संपलीच.

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी मलिदा केला. गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर पाच फळं. मी म्हटलं, "काकू, पण नाव तर पुकारलं नाही." काकू म्हणाल्या, "तुटलं नाही ना? मग." एक ताट त्यांनी डोंगऱ्यांकडे पोचवायला माझ्या हाती दिलं. शुभांगीने दारातच घेतलं, दोन्ही हातांनी, डोक्याला लावलं. प्रशांत आत होता. बाहेर आला नाही.

पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले, आणि दोघांचं विनिपेगला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. त्याच हिवाळ्यात ते तिथे वारले, झोपेतच. मी जाऊ शकले नाही. म्हणून माझ्यापाशी त्यांची शेवटची अशी त्याआधीच्या जूनमधली एक दुपार आहे.

शुभांगीचा फोन आला होता, चोरून केल्यासारखा. रोहनला डॉक्टरने परवानगी दिलीय, कॉलेजच्या संघातून आज एक डाव टाकणार आहे, काकांना सांगा. मी सांगितलं. काका म्हणाले, "मला यायला मनाई आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "रस्त्यावर उभं राहायला नाही."

मैदानापलीकडच्या रस्त्यावर मी गाडी लावली. तिथून माउंड म्हणजे एक ठिपका आणि त्यावर रोहनची पाठ. मी सवयीने रडार गन आणली होती. काकांनी ती माझ्या हातातून घेतली आणि मागच्या सीटवर ठेवून दिली. रोहनने एक डाव टाकला. प्रत्येक बॉलला काकांची बोटं स्वतःच्या उजव्या कोपरावर आवळत होती, आणि बॉल सुटला की सैल पडत होती. समोरच्यांनी दोन टोले मारले, एक धाव झाली, डाव संपला. काही विशेष नव्हतं त्यात.

आम्ही निघणार तेवढ्यात मागच्या फाटकातून रोहनच येताना दिसला, एका मित्राबरोबर, पार्किंगकडे. रस्ता आमच्या गाडीवरूनच होता. मी म्हटलं, "काका, आला." आणि चौसष्ट वर्षांचा तो माणूस सीटवरून खाली घसरला, डॅशबोर्डच्या खाली, गुडघे छातीशी, टोपी तोंडावर. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. रोहन हाताच्या अंतरावरून गेला. मित्राशी हसत होता. त्याने आमच्याकडे बघितलं की नाही, मला माहीत नाही.

"गेला?" खालून आवाज आला.

"जातोय."

"बघ, बाय. नीट बघ. हात कसा आहे?"

मी मान वळवून बघितलं. त्यांनी शिकवलं होतं तसं बघायचा प्रयत्न केला, खांदा, कोपर, बोटं. रोहनच्या हातात किल्ल्या होत्या आणि चालता चालता तो त्या उडवून झेलत होता.

"काका, मला काही विशेष दिसत नाही. हात आहे आपला. सगळ्यांसारखा."

"सगळ्यांसारखा?"

"हो."

"नक्की? बोटं?"

"सगळी हलतायत. सगळ्यांसारखीच."

मग काकांनी तोंडावरची टोपी काढली. बावीस वर्षं सगळ्यांसारखा नसलेला एक हात शोधत हिंडलेला तो माणूस माझ्या गाडीत खाली बसून रडत होता आणि हसत होता, आणि मला म्हणत होता, "पुन्हा सांग, बाय. पुन्हा एकदा सांग."

मी पुन्हा सांगितलं.